तीन चाकांना मनाई

क्लिफ टुलॉकच्या शेतावर फाटकाशी कुठलीही पाटी नव्हती, पण एक नियम दरीतल्या सगळ्यांना पाठ होता. तीन चाकांचं काहीही आत आणायचं नाही. कुत्री चालतील, पावणेरावळे चालतील, अगदी नाइलाज असेल तर सरकारी माणूसही चालेल. तीन चाकं नाहीत.

त्यामुळे मास्टरटन गावातल्या दुकानात त्याच्या सुनेनं, ब्रॉनीनं, नेमका तीन चाकांच्या बाबागाडीवर हात ठेवला, तेव्हा क्लिफची मान आधीच नकारात हलायला लागली होती.

खरं तर तो हौसेनंच आला होता तिथे. पहिल्या नातवंडाची गाडी आजी-आजोबांनी घ्यायची, अशी त्यांच्याकडे रीत. क्लिफची बायको नातवाचं, लॅकीचं, तोंड न बघताच गेली, ब्रॉनीचे आईवडील त्याआधीच गेलेले. राहिला एकटा क्लिफ. मुलगा बेव्हन सोबत येऊ शकत नव्हता, कारण मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, आणि त्या दिवसांत शेतावरचा माणूस स्वतःच्या लग्नालाही उशिरा जातो. तेव्हा सासराच सुनेला नि पाच महिन्यांच्या लॅकीला पिकअपमध्ये घालून आला होता, आणि आल्यापासून प्रत्येक गाडीच्या टायरला बुटाच्या टोकानं ठोकरा मारत फिरत होता.

"कोरो," दुकानातली हुइया कमरेवर हात ठेवून म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला ती तशीच हाक मारायची, प्रेमानं. "लाथ मारून बघायला तो काय ट्रॅक्टर आहे होय? मोडली तर घरी घेऊन जावी लागेल हं, सांगून ठेवते."

"टायरवरून सगळं कळतं," क्लिफ म्हणाला.

"मग बायका बघताना काय करत होतात?"

ब्रॉनी खुदकन हसली. क्लिफनं वळून बघितलं. कित्येक आठवड्यांनी तो ते हसू ऐकत होता.

मग हुइयानं ती गाडी पुढे आणली. मागे दोन मोठी चाकं, पुढे एक, तिन्ही हवेची, सायकलसारखी. दांड्याला हाताचा ब्रेक. पुढचं चाक दुकानात गरागरा फिरायला मोकळं, आणि खडबडीत रस्त्यावर सरळ अडकवून टाकता येणारं. शिवाय मनगटात घालायचा एक पट्टा, म्हणजे हात सुटला तरी गाडी उतारावरून आपली आपण निघून जायची नाही. ब्रॉनीनं लॅकीला आत बसवलं, उंबरा ओलांडून फुटपाथवर नेलं, परत आणलं. पोरगं, जे पाळण्यात रडे, मोटारीत रडे आणि कडेवर तर हटकून रडे, ते चक्क डोळे मिटून पडलं होतं.

"हीच," ब्रॉनी म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "क्लिफ, हिच्यात घालून मी रोज फाट्यापर्यंत जाऊ शकेन. बुधवारी हॉलवर जाता येईल, सगळ्या आया जमतात तिथे. पुढे हा थोडा मोठा झाला की गाडी घेऊन पळतासुद्धा येईल मला!"

"नाही," क्लिफ म्हणाला.

"काय नाही?"

"तीन चाकं नाहीत. उलटते ती."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

हुइया दुसऱ्या गाड्यांकडे वळली.

आता यात गाडीचा काही दोष नव्हता. पण क्लिफ तरुण असताना त्या डोंगराळ शेतांवर तीन चाकांच्या मोटारसायकली आल्या होत्या. फुगीर टायरांच्या, खेळण्यासारख्या दिसणाऱ्या. घोडे विकून लोकांनी त्या घेतल्या. क्लिफच्या धाकट्या भावानं, नेव्हिलनं, आपल्या पहिल्या कमाईतून घेतली आणि सगळ्या दरीला बसवून फिरवून आणलं. तिच्या पुढच्या बाजूला त्यानं सफरचंदाचं एक खोकं बांधलं होतं, पोरक्या कोकरांसाठी. एका सकाळी घरामागच्या टेकडीवर आडव्या उतारावरून जाताना ती उलटली आणि नेव्हिल तिच्याखाली चेंगरून गेला. त्याला शोधायला क्लिफ गेला होता. त्यानंतर तशा मोटारसायकली कुणी विकेनासं झालं, सगळीकडे चार चाकी आल्या, पण क्लिफचा नियम कायम राहिला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर नुसतं तोंड पोळलं नव्हतं.

हे सगळं तिथे दुकानात बोलता आलं असतं. पण त्या दरीतले पुरुष मेंढीच्या पोटदुखीवर तासभर बोलतील, स्वतःच्या दुखण्यावर एक शब्द नाही. दिवाणखान्यात नेव्हिलचा फोटो होता आणि तो शेतावर अपघातात गेला, एवढं ब्रॉनीला माहीत होतं. कसा गेला ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"ठीक आहे," ब्रॉनी म्हणाली. तिनं लॅकीला उचललं. तो उठला आणि रडायला लागला.

क्लिफनं चार चाकांची घेतली. दिसायला राजबिंडी, चाकं मात्र बशीएवढी.

ती गाडी कशी चालते हे त्याला दोनच दिवसांत वरच्या कुरणातून दिसलं. फाटकापासून पुढे सगळा खडीचा रस्ता. ब्रॉनी ढकलत होती आणि पुढची चाकं खडीत रुतत होती. ती मागे ओढायची, पुन्हा ढकलायची. शेवटी तिनं लॅकीला एका काखेत घेतलं, दुसऱ्या हातानं गाडी उलटी फरफटत ओढत घरी परतली. मध्ये एकदा ती थांबली आणि गाडीला तिनं लाथ मारली. क्लिफच्या पायाशी बसलेली फ्लो कुत्री उभी राहिली आणि तिनं त्याच्याकडे बघितलं. जनावरालाही कळतं कधीकधी.

ही मुलगी वेलिंग्टनला रोज समुद्राकाठी पळायची, वारा असो की पाऊस. बेव्हनसाठी इथे आली. आता नवरा अंधारात जातो, अंधारात येतो, आणि ती दिवसभर रडतं पोर घेऊन स्वयंपाकघर ते मागचं दार अशा येरझाऱ्या घालते. गाडीनं तिला त्या घराबाहेर काढावं एवढंच तिचं मागणं होतं. क्लिफला ते कळत होतं. कळून नाही म्हटलं होतं, हेच वाईट.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागच्या ओसरीवर गमबूट काढत होता, तेव्हा आतून तिचा आवाज आला. बहिणीशी फोनवर बोलत होती.

"येते तुझ्याकडे थोडे दिवस. लॅकीला घेऊन. नाही गं, भांडण नाही झालं. सगळे चांगले आहेत. तेच तर ना, सगळे चांगले आहेत आणि मला श्वास घेता येत नाही." मग पलीकडून बहिणीनं काही विचारलं असावं. "परत कधी? माहीत नाही मला."

क्लिफनं काढलेला बूट परत घातला. चार चाकांची गाडी पिकअपमध्ये टाकली आणि तो थेट मास्टरटनला गेला.

हुइयानं चार चाकांची गाडी मागे घेतली आणि तीन चाकांची पुढे केली.  नुसतं एवढंच म्हणाली, "लाथ मारून बघायची का, कोरो?"

"घरी जाऊन मारतो," क्लिफ म्हणाला.

त्यानं जवळजवळ तसंच केलं. घरी न जाता तो गाडी घेऊन घरामागच्या टेकडीवर गेला, त्याच आडव्या उतारावर. कुत्र्यांच्या बिस्किटांचं पोतं त्यानं लॅकीच्या जागी पट्ट्यांनी नीट बांधलं. पट्टा मनगटात घातला. मग पुढचं चाक अडकवून त्यानं ती उतारावर आडवी चालवली. एकदा, दोनदा. वर, खाली. ती उलटली नाही. मग दांड्याला तारेचं भेंडोळं लटकवलं, तशी ती मागच्या मागे आडवी झाली. पोतं बांधलेलं होतं म्हणून आतच राहिलं. क्लिफ गवतात बसला आणि त्या आकाशाकडे तोंड केलेल्या चाकाकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत तो त्या उतारावर बसला नव्हता. मेंढ्यांसाठी येई, पण बसला कधी नव्हता.

खालून बेव्हनची चार चाकी मोटारसायकल आली.

"बाबा! काय चाललंय?"

"बिस्किटांना फिरवतोय."

बेव्हननं गाडी बघितली, तिची चाकं मोजली, जागा बघितली. त्याच्या तोंडचं हसू गेलं. "मी करू का ते?"

"नको. मलाच करू दे."

बेव्हन खाली उतरला. बापाच्या खांद्यावर हात ठेवणं त्यांच्यात नव्हतं. त्यानं आडवी गाडी उचलून सरळ केली आणि मेंढ्यांकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सकाळी मागच्या दाराशी ती गाडी बघून ब्रॉनी ओसरीवरच थबकली.

"हे काय? उलटते म्हणाला होतात ना?"

"उलटते," क्लिफ म्हणाला. "मी बघितलं. दांड्याला काही लटकवलं तर मागे पडते. तेव्हा पिशवी खालच्या टोपलीत टाकायची, दांड्याला नाही. खडीवर पुढचं चाक अडकवायचं. आणि हा पट्टा मनगटात, सपाटी असो की काही असो. एवढं ऐकशील, पोरी?"

"ऐकेन. पण तुम्हाला एकदम झालं काय?"

क्लिफनं टोपी काढली, आत बघितलं, जणू उत्तर तिच्या अस्तराला टाचलं होतं. "नेव्हची मोटारसायकल," तो म्हणाला, "तीन चाकांची होती. तिथे वर. उलटली त्याच्यावर."

 ब्रॉनी पायऱ्या उतरून आली, तिनं म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकले आणि तशीच उभी राहिली. क्लिफला कुठे बघावं कळेना. शेवटी तो तिच्या पाठीवर दोनदा थोपटून म्हणाला, "दक्षिणेचा गार वारा सुटलाय. पोराला टोपी घाल."

निघाली तेव्हा तो बरोबर निघाला. म्हणाला, फाट्यावरची टपालपेटी बघायचीय. टपाल येऊन गेलेलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. चाकं खडीवरून करकरत गेली आणि पहिल्या वळणाआधीच लॅकी झोपला. क्लिफ गाडीच्या बाजूनं चालत होता, एक हात गाडीजवळ अधांतरी धरून. दांड्याला त्यानं हात लावला नाही.

कुंपणाशी एक कोकरू एकटंच उभं होतं, ओलं, थरथरणारं. आई कुठे दिसत नव्हती. क्लिफ तारेखालून वाकला आणि त्याला कोटात घ्यायला लागला.

"कोटात कशाला?" ब्रॉनी म्हणाली. "खाली टोपली रिकामी आहे की." तिनं आपली शाल काढून टोपलीत अंथरली, कोकरू तिच्यात बसवलं. त्यानं डोकं बाहेर काढून एकदा बें केलं. वर लॅकीनं डोळाही उघडला नाही.

क्लिफ बघत राहिला. "नेव्हनं पुढे खोकं बांधलं होतं," तो म्हणाला. "कोकरांसाठी. चर्चलासुद्धा एकदा तसाच गेला होता, खोक्यात दोन कोकरं घेऊन. पाद्र्याच्या प्रवचनात दोघं ओरडत होती. आमची आई..." आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं, वाऱ्याला दोष न देता.

ब्रॉनीनं स्वतःच्या मनगटातला पट्टा काढला आणि त्याच्या मनगटात घातला.

"आता तुम्ही ढकला."

"मी?"

"मला जरा पळू द्या ना, क्लिफ. थोडंसंच."

त्यानं दांडा धरला. ती आधी चालली, मग पळाली. सुरुवातीला जड, मग मोकळी, हात सैल सोडून, पाठीवर वेणी उडवत. बघता बघता वळणापलीकडे गेली आणि रस्ता रिकामा झाला. क्लिफला तो फोन आठवला. परत कधी? माहीत नाही मला. तो दोन्ही हातांनी दांडा धरून चालत राहिला, पट्टा मनगटात रुतलेला, पुढे नातू आणि खाली कोकरू. आज ना उद्या ती जाईल तर जाईल, पण निदान आपण अडवून धरली म्हणून जायला नको, एवढंच त्याला वाटत होतं.

मग खडीवर पावलं वाजली आणि वळणावर ती पुन्हा दिसली, लालबुंद, धापा टाकत, त्याच्याच दिशेनं येत.

"चला ना, क्लिफ!" ती लांबूनच ओरडली. "हॉलवर आया जमल्यायत, चहाही ठेवलाय त्यांनी. आणि मी बहिणीकडे जाणार होते, पण आता तिला सांगणार आहे, मी नाही येत, तूच ये म्हणून. ही गाडी बघायला."