जय-विजयची गळाभेट

रुपरावांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागी काचेची टाकी होती आणि टाकीत दोन ऑस्कर मासे. तळहाताएवढे, काळे, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी डाग. जात सिक्लिडची, म्हणजे मुळातच भांडखोर. पण हे रुपरावांना कळलं ते मासे घरात येऊन मोठे झाल्यावर. नातीच्या, गार्गीच्या वाढदिवसाला आणलेले ते मासे; तेव्हा तिचे आईबाप एका घरात राहत होते. नावं रुपरावांनी ठेवली, जय आणि विजय. वैकुंठाच्या दाराशी उभे असतात ते दोघं.

"ते दोघं शाप लागून खाली आपटले होते," त्यांच्या पत्नी गोपिकाबाई तेव्हाच म्हणाल्या. "दुसरे देव नव्हते काय नावं ठेवाले?"

"शेवटी परत गेले ना वं वैकुंठात. कीर्तन पुरतं ऐकत जा. तू प्रसादाच्या वेळी येते अन् आम्हाले कथा सांगते."

"अन् तो प्रसाद कोण रांधते? तुमचे बुवा?"

कीर्तन म्हणजे रुपरावांचा जीव. वीज कार्यालयात कारकुनी होती तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही, कॉलनीच्या देवळात टाळ वाजला की यांचे पाय चपलेत. बुवांनी आख्यान रंगवावं आणि यांनी उपरण्याने डोळे पुसावेत. जगात न मिटणारं काही असतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

मग मुलगा साहिल नोकरीसाठी हैदराबादला गेला तो एकटाच, आणि सून दामिनी गार्गीला घेऊन रामदासपेठेत माहेरी. दोघांपैकी कोणी मोठ्याने भांडलं नाही, त्यामुळे मिटवायला कुठून सुरुवात करावी तेच म्हाताऱ्यांना कळेना. दर रविवारी दामिनी पोरीला फाटकाशी सोडायची आणि तिथूनच स्कूटर वळवायची. गार्गी आली की थेट टाकीपुढे, तिच्या लाडक्या विजयकडे. आजी-आजोबांच्या वाट्याला पोहे खाण्यापुरती. विजय होता म्हणून रविवार होता, हे रुपराव मनोमन जाणून होते.

आणि त्याच विजयला जयने फाडायला घेतलं. शेपटीच्या चिंध्या झाल्या, पाठीवरचा पर करवतीसारखा दिसू लागला. बिचारा दिवसभर फिल्टरमागे दडून असायचा. रुपराव सदर भागातल्या माशांच्या दुकानात धावले.

"दोन्ही नर हायेत, काका," दुकानवाला म्हणाला. "अन् टाकी लहान. एकाले वेगळं करा, नाईतर मधात जाळी लावा. पर परत येते, फक्त मूळ शाबूत पाहिजे."

जाळी लागली. पाण्यात मीठ पडलं. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून, त्यातला औषधाचा वास उडाला की रुपराव मगाने हळूहळू टाकीत सोडायचे. अभिषेक करावा तसे. हळूहळू विजयच्या शेपटीला कड फुटली, आरपार दिसणारी, कोवळी.

गार्गीने काचेला नाक लावून पाहिलं. "आबा, नवीन आलंय. बाळाच्या नखासारखं." मग म्हणाली, "आईला दाखवायचंय. पुढच्या रविवारी मी तिला वर आणते."

रुपरावांना त्या आठवड्यात झोप कसली. दामिनी वर येणार. एकदा चहा घेतला, दोन शब्द बोलली, की मग साहिललाही फोन करता येईल. देवळात सप्ताह चालू होता आणि तो रविवार नेमका काल्याचा. याला योगायोग म्हणणाऱ्यांपैकी ते नव्हते.

काल्याचं कीर्तन काय रंगलं म्हणता! कृष्णाने सगळ्यांच्या शिदोऱ्या एकात कालवल्या, तुझं-माझं उरलंच नाही, असं बुवांनी सांगितलं. दहीहंडी फुटली, लाह्यांचा काला हातोहात वाटला गेला आणि रीतीप्रमाणे जो तो शेजारच्याच्या गळ्यात पडू लागला. रुपरावांच्या पुढ्यात आले मधुकरराव. गाडी लावण्याच्या जागेवरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. मधुकररावांनी हात पसरले. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर रडले.

त्याच भरात रुपराव घरी आले. गोपिकाबाई देवळात पंगत वाढायला थांबल्या होत्या. टाकीत मधोमध ती जाळी. ज्या घराची पायरी आज सून चढणार, त्या घरात ही जाळी? विजयची शेपटी तर भरून आली होती. रुपरावांनी बाही वर सारली, पाण्यात हात घातला आणि जाळी काढून घेतली.

जय सावकाश पुढे आला. विजय दडला नाही. दोघं अंगाला अंग लावून थरथरले, कल्ले फुलवले, आणि मग तोंडात तोंड धरून संथ डुलू लागले. रुपरावांनी हात जोडले. उपरण्याला चिकटलेल्या काल्याच्या दोन लाह्या पाण्यात सोडल्या आणि समोर खुर्चीत बसले. सप्ताहाचं जागरण, पोटात काल्याचा प्रसाद. डोळा कधी लागला, कळलं नाही.

दारावरच्या बेलने जाग आली. दारात गार्गी, आणि मागे खरंच दामिनी.

"या, या," म्हणत ते बाजूला झाले, तोवर गार्गी टाकीशी पोचली होती.

विजय कोपऱ्यात आडवा तरंगत होता. शेपटी बुडापासून गेलेली. एक डोळा पांढरा. आणि जय अजून येऊन येऊन धडक देत होता.

"जाळी कोणी काढली?"

"मी काढली, बेटा. काला होता ना आज. ते गळ्यात गळा घालून राहिले होते, मी पाहिलं."

दामिनीने पर्स ठेवली आणि जाळी परत खोचली. तिचा हात कोपरापर्यंत ओला झाला. "ते एकमेकांचा जबडा धरतात, बाबा. ताकद बघतात. गार्गीने वाचून दाखवलं होतं मला." हात झटकत ती म्हणाली, "वेगळे होते तर बरे होत होते."

चहाचं तसंच राहिलं. गार्गी रडलीही नाही. तिने आईचं बोट धरलं, आणि गोपिकाबाई काल्याचा द्रोण घेऊन जिना चढत होत्या तेव्हा स्कूटर फाटकाबाहेर पडली होती.

दुकानवाल्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "मूळच नाई राहिलं, काका. आता नाई येत."

विजय फार टिकला नाही. मधुकररावांनी आपणहून खुरपं आणलं, मधुमालतीखाली माती उकरून दिली आणि उगाच थोडा वेळ सोबत उभे राहिले.

रविवारी दामिनीचा फोन आला: गार्गीचा आता चित्रकलेचा क्लास आहे, रविवारीच असतो. रुपराव "बरं, बरं" म्हणाले. मग त्यांनी बादलीतलं पाणी टाकीत सोडलं, दोन्ही बाजूंना सारखं.

"जाळी काढा आता," गोपिकाबाई म्हणाल्या. "त्याले तरी पुरी टाकी मिळू द्या. कोणासाठी ठेवली?"

"राहू दे वं."

जय जाळीला तोंड लावून उभा होता. पलीकडच्या रिकाम्या पाण्याकडे पाहत कल्ले फुलवत होता, मिटत होता, पुन्हा फुलवत होता.

संध्याकाळी देवळात टाळ वाजला. गोपिकाबाईंनी स्वयंपाकघरातून कानोसा घेतला. बराच वेळ झाला, तरी दाराशी चपला वाजल्या नाहीत.