भामाबाईची जागा

आज सकाळपासून गार वारं सुटलंय. आभाळ निवळ, पण ऊन काही अंगाला लागत नाय. अशा हवेत माणसाला माझी आठवण येते. मी मल्हाररावांची घोंगडी बोलतेय.

त्यांच्याच मेंढ्यांची काळी लोकर, दगडाबाईनं, म्हणजे त्यांच्या कारभारणीनं, कातली. शहराच्या कडेला शनिवारचा बाजार भरतो. तिथं मल्हारराव घोंगड्या विकतात. मी मात्र विकायची नव्हे, त्यांच्या बसायची.

शेजारी भामाबाई लाल मिरच्या घेऊन बसायची. आल्या आल्या ती ‘जय भीम’ म्हणायची, मल्हारराव ‘जय मल्हार’ म्हणायचे, मग भांडण सुरू.

“मल्हारदा, तुमच्या घोंगड्यांनी गिऱ्हाइकाला खाज सुटती.”

“अन् तुझ्या मिरचीनं ते शिंकत पळतं, त्याचं काय?”

गेल्या पावसाळ्यानंतर त्या बाजारात बॉम्ब फुटला. तीन माणसं गेली. त्यात भामाबाईची बहीण रूपा होती. तिच्या अंगावर मलाच पांघरलं. बॉम्ब ठेवणाऱ्यांची सरकारला चिठ्ठी आली, तुरुंगातली आमची माणसं सोडा. कुणीसुद्धा सुटलं नाय. पण बाजार अर्धा ओस पडला, अन् भामाबाई यायची थांबली.

बाजाराची रीत अशी, की तीन शनिवार जागा मोकळी राहिली तर ती दुसऱ्याची. म्हणून मल्हारराव मला तिच्या जागेवर अंथरायचे.

एकदा ते पाणी प्यायला गेले. वाऱ्यानं माझा गोळा झाला. “बेवारस! बेवारस!” कुणीतरी ओरडलं. टोपल्या लवंडल्या, लेकरं रडली, माणसं पळाली. तेव्हा मला उमगलं. त्या लोकांना दुसरा बॉम्ब ठेवायची गरजच नव्हती. साधी लोकर त्यांचं काम करत होती. सरकारनं त्यांना काही दिलं नाय. जे मिळालं, ते आपणच भिऊन, पळून देत होतो.

मल्हारराव धापा टाकत आले.

“बाबा, लांब व्हा. तपासू द्या,” हवालदार म्हणाला.

“तपासा की, खुशाल झटका. पण झटकून झाल्यावर हितंच अंथरा. जागा भामाबाईची हाय.”

हवालदारानं झटकलं अन् गुमान अंथरलं. पांगलेले दोनचार जण परत आले.

तेव्हापासून एक शनिवार चुकला नाय, आजचाही नाय. माझे काठ विरलेत, मल्हाररावांचे गुडघे गेलेत. तुम्हाला एवढंच सांगते, भ्यायला हरकत नाय, मीही भ्याले होते. पण आपली जागा सोडू नका, शेजाऱ्याचीही जाऊ देऊ नका.

आत्ताच रिक्षातून कुणीतरी उतरलं. डोक्यावर पोतं, डोळे रडून सुजलेले. माझ्यापुढं येऊन ती थांबली. मल्हारराव गुडघ्यावर हात टेकून उठले. भामाबाई म्हणाली,

“मल्हारदा, उचला तुमची घोंगडी. मिरच्या मांडायच्यात मला.”