वास गेला तेव्हा

"गेला! वास गेला!"

घळीत गुडघे टेकलेली माणसं हुंदके देऊ लागली. कुणी शेजारणीच्या गळ्यात पडलं. ज्वालामुखीच्या पायथ्याच्या या घळीत, गरम जमिनीत डबे पुरून, आइसलंडमधलं ते गाव पिढ्यान्‌पिढ्या राईचा पाव भाजत आलेलं. सडक्या अंड्यांचा वास त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. तो आज चक्क नाहीसा झाला!

"जन्मभर हुंगतोय हा वास," म्हातारा थोरगिल्स म्हणाला, "बायकोच्या सेंटपेक्षा ओळखीचा!"

डोंगराचा कोप शांत करायची दक्षिणा घेणारा एविंदूर काठावरच्या उंच खडकावर उभा राहून गरजला, "वीज काढायला त्या केंद्रवाल्यांनी डोंगराच्या पोटात नळ्या खुपसल्या. डोंगर कोपला! तुम्ही वाकलात, तो निवला. उठू नका, बसाल तेवढं पुण्य!"

स्वानलौग त्याच वीजकेंद्रात इंजिनिअर. वारा पडलेला पाहून ती केंद्रातून धावत निघाली होती, कारण आज तिची आई नातीला, इल्फाला घेऊन इथेच आली होती. ती धापा टाकत काठावर पोहोचली. वासाने तिला मळमळलं आणि छातीवरचं वायुमापक किंचाळू लागलं. चार वर्षांची इल्फा घळीच्या अगदी तळाशी मातीत बसली होती.

"आई, तिला घेऊन वर ये!"

"ओरडू नकोस गं. इथे वास तरी येतोय का?"

"येत नाही, म्हणूनच ओरडतेय!"

"आजी, डोळे झोंबतात," इल्फा कुरकुरली.

एविंदूर मधाळ हसला. "पाप बाहेर पडतंय, बाळा."

चार वर्षांच्या पोरीचं पाप! स्वानलौगने कमरेला लटकवलेला वायुरोधक मुखवटा तोंडावर चढवला, खाली उतरली आणि लेकीला उचलून वर आणलं. इल्फाची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली होती. मोकळ्या हवेत ती खोकली, मग रडली. त्या रडण्याने स्वानलौगच्या जिवात जीव आला.

मग ती खडकाकडे वळली. "सगळ्यांना पुण्य, मग तू का कोरडा? ये की खाली. टेक गुडघे."

"माझी जागा इथे आहे."

"तुला ठाऊक आहे, हा गंधकाचा वायू हवेहून जड. तळाशी साचतो. म्हणून वारा पडलेला दिवस निवडतोस आणि स्वतः उंचावर उभा राहतोस!"

एविंदूर खडकावरून उतरला, पण पलीकडच्या बाजूने. थोरगिल्स सगळ्यांत आधी घळीतून वर आला. त्याच्यामागे बाकीचे, डोकी धरून. मोकळ्या हवेत बराच वेळ बसल्यावर म्हातारा एकदम दचकला. "अरे, आला की वास!"

"तो गेलाच नव्हता, काका. गेलं होतं तुमचं नाक. हा वायू थोडा असला की घाण येते. फार झाला की नाकाची नसच बधिर करतो. आमच्या केंद्रात पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"डोंगर रागावला नव्हता म्हणायचा?" आईने चाचरत विचारलं.

"डोंगराला राग नसतो, आई, आणि लोभही नसतो. ते माणसांना असतात." स्वानलौगने इल्फाचे डोळे ओल्या रुमालाने हळूच पुसले.

मंडळी, चमत्कार दिसला की आधी बघा, करणारा कुठे उभा आहे. आणि वास गेला तर हात जोडू नका, पाय उचला.