बेबीचे गाल

सहलीच्या तिसऱ्या दिवशी वहिनींनी बाकीच्या मंडळींना संग्रहालयाकडे पिटाळलं आणि नणंदेला घेऊन कोरियन स्किन क्लिनिक गाठलं. नणंदेचं वय बावन्न, घरातलं नाव अजून बेबी. निमित्त बेबीच्या लाडाचं होतं, मतलब धंद्याचा. वहिनींच्या पार्लरबाहेर चार वर्षं 'कोरियन ग्लास फेशियल'चा बोर्ड झळकत होता आणि खरं कोरियन फेशियल त्यांनी कधी करून घेतलं नव्हतं. ज्या व्हिडिओवरून त्या शिकल्या, त्यात दहा पायऱ्या होत्या. पार्लरात खुर्च्या दोन आणि बाकावर बायका खोळंबलेल्या, म्हणून त्यांनी चारच ठेवल्या. मळ निघालेला दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाला काही केल्यासारखं वाटत नाही, हा वीस वर्षांचा अनुभव. तेव्हा पाचवी पायरी पदरची घातली: खरखरीत स्क्रब, दाबून, दहा मिनिटं. चेहरा असा चकाकायचा की बायका आरशासमोरून हलायच्या नाहीत. पहिलं गिऱ्हाईक बेबी, आणि दर पंधरवड्याला न चुकता येणारीही बेबीच.

मी पार्लर चालवते हे आत बोलायचं नाही, शाळेत शिकवते म्हणायचं, असं वहिनींनी दारातच बजावलं. पाढे विचारले तर काय करशील, म्हणून बेबी जिना चढेपर्यंत हसत होती.

क्लिनिकची बाई चष्मेवाली, कोरियात शिकून आलेली, हळू बोलणारी. तिने बेबीच्या गालावर पेनाएवढा कॅमेरा टेकवला आणि समोरच्या पडद्यावर गाल मोठा होऊन उमटला. वहिनींच्या हाताखालून हजारो गाल गेले होते, पण इतक्या जवळून एकही पाहिला नव्हता. लालबुंद, बारीक भेगा, जागोजागी सोललेला. उन्हात आग होते का, असं बाईने विचारलं. बेबी म्हणाली, होते की. घाम आला तरी होते. कुशीवर झोपायचं तर तिने केव्हाच सोडलं होतं.

वहिनी हे पहिल्यांदा ऐकत होत्या.

"इतकं कोणी घासलंय?" बाईने विचारलं.

"मीच," बेबी म्हणाली. "घरी बसून. मला मेलीला खोडच आहे."

तिने वहिनींकडे पाहिलंसुद्धा नाही. वहिनींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हीच वेळ होती बोलायची. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "मी किती सांगते तिला."

मग कॅमेरा त्यांच्या गालावर आला. पडद्यावर गुळगुळीत, शांत कातडी. बाईने कौतुकाने विचारलं, काय लावता? वहिनी पुटपुटल्या, विशेष काही नाही. बेबी पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

बेबीला नुसतं थंड जेल आणि वर ओला कागदी मास्क मिळाला. तीन महिने गालाला साबणही लावायचा नाही, अशी ताकीद. वहिनींना मात्र पूर्ण दहा पायऱ्या. बाई बोटांच्या टोकांनी एकेक थर नुसता थापटत होती, कुठे घासणं नाही, दाब नाही. इतका हलका हात आपण बेबीला एकदाही लावला नाही, हे वहिनींना प्रत्येक थराला कळत गेलं. शेवटी त्यांनाही मास्क लावून, वीस मिनिटं बोलू नका असं सांगून बाई बाहेर गेली.

शेजारच्या पलंगावरून आवाज आला, "वहिनी, तू स्वतःला ते स्क्रब कधी केलंच नाहीस ना?"

"एकदा केलं होतं."

"मग?"

"झोंबलं."

बेबीने मास्कवरूनच गाल चाचपला. मग म्हणाली, "मला तर म्हणायचीस, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर वहिनींना उलट भांडता तरी आलं असतं. त्या छताकडे बघत पडून राहिल्या. मास्कखाली डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

दार उघडलं तशा त्या उठून बसल्या आणि मास्क ओढून काढला. बाई म्हणाली, अजून आठ मिनिटं आहेत.

"तिने नाही घासलं, मी घासलं," वहिनी म्हणाल्या. "माझं पार्लर आहे."

बाईने चष्मा काढून पुसला. आता ही चार शब्द सुनावणार, म्हणून वहिनींनी मान खाली घातली. पण तिने एवढंच विचारलं, "आणखी किती जणींना करता?"

वहिनी बोटांवर मोजायला लागल्या. दोन्ही हात संपले, पुन्हा अंगठ्यापासून सुरू झाल्या. तेवढ्यात शेजारच्या मास्कखालून, डोळे मिटूनच, बेबी म्हणाली, "बँकेतली धरलीस का? आणि तिची सून?"

वहिनींनी आणखी दोन बोटं मिटली.