बिशपसाठी केलेला उतार

"मांजर ही जात कधी पडत नाही," व्हरांड्यातल्या खुर्चीवरून क्लॅरीनं जाहीर केलं. "पृथ्वीच तिला विचारून फिरते."

त्याच क्षणी त्याचा म्हातारा बोका बिशप कठड्यावरून कलंडला आणि नोरीनच्या जिरॅनियमच्या कुंडीत जाऊन बसला. मान डावीकडे झुकलेली, जणू कुणाचं तरी पाप ऐकून घेतोय.

"आज विचारायला विसरली वाटतं," नोरीन म्हणाली.

क्लॅरी त्याला उचलायला उठला. खुर्चीची पाठ, खिडकीची चौकट, मग भिंत, असे त्याचे हात एकेक धरत गेले. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर कुठे बघू नये हे नोरीनला कळत होतं. ती कुंडीकडे बघत राहिली.

मागच्या जिन्याचा कठडा वादळात गेला होता. त्यानंतर क्लॅरी एकदा तिथून घसरला, आणि त्यानं त्याचं खापर दवावर फोडलं. जोडी नावाच्या त्यांच्या मुलीनं ब्रिस्बेनहून बजावलं होतं, "डॅड, ईस्टरपर्यंत तिथे आधार बसव. नाहीतर मेरीबरोचं हे घर विकायचं."

"आधार म्हाताऱ्यांना लागतो," ब्याऐंशीचा क्लॅरी म्हणाला होता आणि त्यानं फोन ठेवला होता.

जनावरांच्या डॉक्टर मेगननं बिशपचे कान तपासले, डोळ्यांपुढून बोट फिरवलं.

"कानाच्या आतून तोल बिघडलाय. या वयात होतं. बराचसा सावरेल तो. तोवर गुळगुळीत जमिनीवर गालिचे टाका, अंधार पडला की दिवा चालू ठेवा. आणि मागे पायऱ्यांवर उतार करून द्या."

"अपमान वाटेल त्याला."

"आधार घ्यायला मांजरांना लाज वाटत नाही, क्लॅरी."

नोरीनला एकदम खोकला आला.

दुसऱ्या दिवसापासून खांबांवर उभ्या घराच्या खालच्या शेडमध्ये करवत चालू झाली. गालिचे आले, दिवा आला. मागचं अंगण चढावाचं असल्यानं उतार आखूडच झाला. वर खरखरीत पट्ट्या, दोन्ही बाजूंना घासून गुळगुळीत केलेले कठडे.

ईस्टरला जोडी गरम बन घेऊन आली आणि मागच्या दारात थबकली.

"डॅड, मांजराला कमरेएवढे कठडे?"

"बिशप आहे तो," खालून क्लॅरी म्हणाला. "त्याच्या इतमामाला शोभायला नको?"

जोडीनं पुढचं विचारायला तोंड उघडलं. नोरीननं त्यात बन कोंबला.

क्लॅरी उतार चढू लागला. निम्म्यावर आला आणि थांबला. ऐन मध्ये, उन्हात, बिशप आडवा पसरला होता. मान आता जवळजवळ सरळ झाली होती. क्लॅरीनं त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे. दोन्ही कठड्यांवर घट्ट होते.

"नोरीन," तो हळूच म्हणाला, "याला जरा सरकायला सांगतेस का?"