मास्तरांचं माप

वडिलांनी मास्तरांना शिवणकाम शिकवताना एकच गोष्ट बजावली होती: मान मोडून काम कर. मास्तर आज्ञाधारक. त्यांनी खरंच मोडली. उभं आयुष्य कापडावर वाकून गेलं आणि आता मान अशी ठणकायची की कळ उजव्या खांद्यातून उतरून थेट अंगठ्यापर्यंत जायची. तेल झालं, शेक झाला, गोळ्या झाल्या, मानेचा पट्टासुद्धा झाला.

"पट्टा लावलात की निदान माझ्याकडे सरळ बघता तरी," बायको म्हणायची. ती त्याच दुकानात काज-बटण आणि तुरपाई करायची, आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा धारदार होती.

मग एका दुपारी कात्री घसरली. अंगठ्याला मुंग्या आल्या आणि एका गिऱ्हाइकाच्या उंची कापडात वीतभर वाकडी चीर गेली. गिऱ्हाईक भला माणूस. "असू द्या मास्तर, होतं कधी कधी," म्हणाला. त्या "असू द्या"नेच मास्तर खचले. चार शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी गोड लागलं असतं.

त्यांनी कात्री गुंडाळून कपाटात ठेवली. आता परक्याच्या कापडाला हात लावणार नाही, म्हणाले. मानेचं काहीतरी करू, आणि मग आधी स्वतःसाठी एक कोट कापू. तो अंगावर नीट बसला तर दुकान चालू, नाही बसला तर कुलूप.

"आणि मी?" बायकोने विचारलं. "मी कुलपाच्या आत की बाहेर?"

मास्तर हसले नाहीत. तेव्हा तिला कळलं की हे नेहमीचं रुसणं नव्हे.

लेकीने त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई वयाने लेकीएवढ्याच. त्यांनी मानेला हात लावायच्या आधीच, मला तुमचं काम बघायचंय, म्हणून दुकान गाठलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसून राहिल्या. मास्तर जुन्या चिंध्यांवर मशीन चालवत होते आणि मनात चरफडत होते, की फुकटचा तमाशा चाललाय.

"काका," बाई शेवटी म्हणाल्या, "सुईत दोरा ओवताना तुम्ही श्वास रोखता."

"घेतला तर दोरा हलतो."

"आणि कापताना?"

"तेव्हाही नाही घेत."

"मग घेता कधी?"

"माझ्याशी भांडताना," बायको आतून म्हणाली.

बाई हसल्या आणि म्हणाल्या, कापडाकडे तुम्ही जाऊ नका, कापड तुमच्याकडे येऊ द्या. सरळ बसा.

मास्तरांनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. छाती पुढे, दात आवळलेले, मान खुंटीसारखी. जेवायलाही तसेच बसायचे आणि आमटी शर्टावर सांडायचे. आठवड्याभरात मान दुप्पट दुखायला लागली. तेव्हा मात्र ते मोठ्या खुशीत बाईंकडे गेले. माणसाला आपलं दुखणं खरं ठरल्याचाही आनंद होतो.

"तुमच्या सरळपणाने जीव घेतला माझा!"

"काका, मी सरळ म्हटलं होतं, तुम्ही ताठ बसलात." बाईंनी क्षणभर विचार केला. "गिऱ्हाइकाचं माप घेताना तुम्ही त्याला काय सांगता?"

"सैल उभे राहा, रोजच्यासारखे. ताठलेल्या माणसाचं माप चुकतं."

"मग स्वतःला तेच सांगत जा."

एवढं मात्र मास्तरांच्या डोक्यात शिरलं. कारण ते त्यांच्याच तोंडचं होतं.

कापायच्या टेबलाखाली लाकडी ठोकळे आले आणि टेबल कमरेच्या वर चढलं. दिवा पुढे ओढला. खाली पडलेली टाचणी उचलायला कमरेतून ओणवं न होता गुडघे वाकवून बसायचं ठरलं. बायको म्हणाली, टाचण्या मुद्दाम पाडते, तेवढाच व्यायाम. बॉबिनमधला दोरा संपला की उठायचं, दारापर्यंत जायचं, हात नुसते लोंबू द्यायचे आणि परत यायचं. दुखणं एका रात्रीत पळालं वगैरे काही नाही. काही दिवस बरे जायचे, एखादा पुन्हा कळ घेऊन यायचा. पण मुंग्या कमी झाल्या. शेजारचा न्हावी म्हणाला, "मास्तर, आजकाल आमच्या दुकानाकडे बघता तुम्ही!" इतकी वर्षं त्यांनी फक्त फरशी बघितली होती.

आणि मग मास्तरांनी कात्री काढली. राखाडी कापड पसरलं, खडूने रेघा मारल्या, कापताना आठवणीने श्वास घेतला. कात्री घसरली नाही. कच्चे टाके घालून झाल्यावर ते कोट चढवून आरशासमोर उभे राहिले.

कोट बसला नव्हता. मागे कॉलरखाली कापडाचा फुगा आला होता. पुढची खालची कड वर उचलली गेली होती, शिकाऊ माणसाने कापावी तशी. त्यांनी खांदे हलवून पाहिले, बटण लावून पाहिलं, काढून पाहिलं. आयुष्यात इतका वाईट कोट त्यांनी कापला नव्हता.

त्यांनी खिळ्यावरची दुकानाची किल्ली काढली आणि बायकोपुढे धरली.

"हात गेला माझा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

बायकोने किल्ली घेतली नाही. ती त्यांच्या मागे गेली, फुगा चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला. मग विचारलं, "माप कुठलं घेतलंत?"

"माझं माप मला पाठ आहे. इतकी वर्षं तेच तर कापतोय."

"वाकलेल्या माणसाला मागे जास्त कापड लागतं आणि पुढे कमी. हे मला तुम्हीच शिकवलंत ना?"

"मग?"

"मग काय? माप पाठ आहे हो, पण पाठ ती राहिली नाही!"

मास्तर आरशाकडे वळले. जन्मभर त्यांनी आरशात कपडा पाहिला होता, आतला माणूस कधीच नाही. आता पाहिला. कॉलरच्या वर एक मान होती, आणि ती खांद्यांवर जिथे असायला हवी तिथे होती. कोटात एका रेघेची चूक नव्हती. जो वाकलेला माणूस त्यांना पाठ होता, त्याच्यासाठी तो बिनचूक कापलेला होता.

ते रडता रडता हसायला लागले. बायकोने त्यांच्या मुठीतली किल्ली सोडवून परत खिळ्याला अडकवली, त्यांच्याच गळ्यातली टेप काढली आणि तिचं टोक त्यांच्या मानेच्या मणक्यावर ठेवलं. त्यांचं माप आजवर दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं. ते चटकन ताठले.

"सैल उभे राहा, रोजच्यासारखे," ती म्हणाली. "आणि श्वास घ्या. टेप हलली तर हलू दे, मी परत धरेन."