सुभेदाराचा राजीनामा

सुंदरराव एकोणीस वर्षं धारूर तालुक्यात पक्षाचे अध्यक्ष. लोक त्यांना सुभेदार म्हणत. आधी मानानं, हल्ली हसून. हाताखालच्या साठ शाखाप्रमुखांपैकी एकोणसाठ जण राजीनामा देऊन गेले. जाणाऱ्याला त्यांनी कधी अडवलं नाही, पण वरच्याची मंजुरी आणि गोल शिक्का, त्याशिवाय कुणाला जाऊही दिलं नाही.

आज साठावा आला, वाडीचा मेंढरंवाला बंकट.

"मारा ठप्पा, सुभेदार. खाली जीप उभी हाय. बीडात पक्षप्रवेश हाय."

शिक्का मारून सुंदरराव उठले. "चल, मीबी येतो."

"या की! पर तिकडं मंजूर राजीनाम्याची कापी मागतेत. तुमचा कुणी मंजूर केला?"

घोडं तिथंच अडलं होतं. राजीनामा दोन महिने खिशात घामानं भिजत होता. मंजूर करणारा जिल्हाध्यक्ष सगळ्यांच्या आधी पळालेला, आणि पक्षाचे सर्वेसर्वा साहेब फोन उचलत नव्हते. ही जीप गेली की तालुक्यात पक्ष म्हणजे सुंदरराव आणि साहेबांसाठी झाकून ठेवलेली खुर्ची.

त्यांनी पुन्हा फोन लावला. आज साहेबांनी उचलला!

"सुंदरराव, तुमचंच नाव काढलं होतं. आजपासून तुम्ही जिल्हाध्यक्ष. पत्र व्हॉट्सअॅपवर टाकलंय."

"साहेब, माझा राजी—"

"राजी असणारच हो तुम्ही!" फोन कट.

बंकट पोट धरून हसला. "मुबारक हो!"

पण सुंदररावांचे डोळे लकाकले. जिल्हाध्यक्ष म्हणजे वरचा! खिशातला कागद काढून त्यांनी स्वतःचा राजीनामा स्वतःच मंजूर केला. शिक्का, लफ्फेदार सही, आवक वहीत नोंद. दाराला कुलूप घालून ते जिना धडाधडा उतरले.

तोवर जिपेत जाऊन बसलेल्या बंकटनं कागद उलटसुलट पाहिला.

"हा तालुक्याचा झाला. जिल्ह्याचा कुठाय?"

पायरीवरचा पाय सुंदररावांनी खाली घेतला.

"आमाला का म्हून उशीर करता? तुमी साहेबांकडून आणा," बंकट म्हणाला, आणि जीप निघाली.

सुंदररावांनी साहेबांना फोन लावला. बंद. वर येऊन त्यांनी कुलूप काढलं, चष्मा लावला आणि नेमणुकीचं पत्र पहिल्यांदा नीट वाचलं. शेवटची ओळ होती: जिल्ह्यातली रिकामी पदं आठ दिवसांत भरावीत.

धारूर तालुकाध्यक्षाचं पद तर आत्ताच रिकामं झालं होतं. शिक्क्याची शाई अजून ओली होती.